आखणीच्या रविवारी पडलेली धाड

पेणजवळच्या जोहे गावचे गुणाजी म्हणजे डोळ्यांचा माणूस. गणपती कोणीही रंगवील, पण डोळे काढायचे, म्हणजे आखणी करायची, ती गुणाजींनीच. शांतीवहिनींच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांची बैठक ठरलेली.

लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "सवड कुठं हाय?" खरं काय ते रविवारच्या मंडळींना ठाऊक. कारखाना बंद असायचा, किल्ली गुणाजींकडे. रोह्याहून रुखसार यायची, वरश्याहून आदेश, पेणहून दोघं. पुरुषावर जीव असलेले पुरुष आणि बाईवर जीव असलेली रुखसार. चहा, भाजलेले पापड आणि पोटभर हसणं. काय दिवस होते ते! फोनवर निरोप ठरलेला: "रविवारी आखणी. दार लावून घेऊ."

असं प्रेम गुन्हा नाही हे कोर्टानं आदल्याच वर्षी सांगितलं होतं. जोह्यात ते पोचायचं होतं. कोणीतरी तो निरोप पोलिसांना दाखवला, त्यांना बंद दाराआडच्या आखणीत कटाचा वास आला, आणि भर दुपारी जीप दारात. पाचही जणांना ठाण्यात नेलं.

साहेब घाटावरचे, नवे. "कसली आखणी करता रे?"

"डोळ्यांची, सायेब."

"कोणावर डोळा आहे?"

"गणपतीच्या डोळ्यांची, सायेब."

साहेबांना ती थट्टा वाटली. तेवढ्यात शांतीवहिनी धापा टाकत आल्या. "सायेब, हे सगळे माझे कारागीर."

साहेबांनी रुखसारपुढे कागद सरकवला. "काढ डोळा."

तिनं काढला. हवालदार वाकून म्हणाला, "ही तर बोयट मासळी हाय गो."

गुणाजींनाच आधी हसू फुटलं. मग त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींच्या हो ला हो केलं की सुटका होती. खरं बोललं तर कारखाना सुटणार होता.

"वहिनी, खोटं नको," ते म्हणाले. "सायेब, हे कारागीर नाय. माझ्यासारखे हायत. माझा जीव बाप्यांवर जडतो, बायांवर नाय. यात गुन्हा असंल तर लिवा."

लिहायला काही नव्हतं. सोडलं.

रिक्षात वहिनींनी गुणाजींना शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं सांगितलं नायस मला?"

"कारखान्यातून काढाल म्हणून."



आठवड्याभरात मंडळींनी पोलिसांना अर्ज लिहिला: कारण नसताना उचलू नका, आमचीही तक्रार ऐका, आमची सभा उघड्या दारानं होईल. सह्या पाचाच्या तेरा झाल्या. त्यातल्या आठजणांना गुणाजींनी कधी पाहिलंही नव्हतं. धाडीची बातमी ऐकून आले होते बिचारे. फक्त पत्त्याची ओळ कोरी होती. घरचा पत्ता द्यायला कोणी धजेना.

शांतीवहिनींनी कागद ओढला आणि कारखान्याचा पत्ता घातला. पिनकोड मात्र घाईत चुकला. पोलिसांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, ते बरेच दिवस भलत्याच गावात फिरत राहिलं आणि वाटेत चार पोस्टमननी वाचलं.