मोठमायच्या पाटल्या

आमच्या रनाळ्यात बायका नवऱ्याच्या मागून चालत. मोठमाय पुढे चाले. बाजाराला निघाली की तिची पावलं अशी पडत, जणू शेतात आग लागलीय. आणि मागून आबा, टोपी सावरत, आपल्या संथ चालीनं. गावातल्या बायका हसत. ती म्हणे, "त्यास्ना पाय जड शेतस, मन्हा नहीत. मी काय करू?"

मोठमाय म्हणजे माझ्या यजमानांची थोरली काकू. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला धड चूल पेटवता येत नव्हती. माझ्या भाकरी जळल्या की ती त्या आपल्या ताटात घेई आणि न बोलता खाई. घरात तिची आणि आबांची एक जुनी वाटणी होती. शेत आबांचं, म्हशी तिच्या. तुपाचं काय केलंस, हे आबांनी तिला कधी विचारलं नाही आणि मिरची कुणाला दिली, हे तिनं त्यांना.

त्यांचा एकुलता एक मुलगा यशवंता. धुळ्याला शिकला आणि शेतात पाय ठेवीना. विहिरीचं शेत विकून नंदुरबारला कापसाची पेढी काढायची, हा त्याचा हट्ट. आबा नाही म्हणाले. तो बायकोमुलांना घेऊन निघून गेला आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही आला नाही. पेढी त्यानं उधारीवर काढली आणि ती लवकरच बसली. तसा मदतीसाठी निरोप यायला लागला, आईच्या नावे.

आबांचं म्हणणं सरळ होतं. "मिशा उन्यात त्याले, लेकरं व्हयनात. आते त्यानं त्यानं पाहो." ते रागानं बोलत नसत, म्हणून ते बोलणं जास्त लागे. मोठमाय त्यांच्याशी वाद घालत नसे. ती त्यांच्यासमोरच बाजरीचं पोतं बांधे, तुपाची बरणी ठेवी आणि जाणाऱ्या गाडीत चढवी. "पोऱ्या घर सोडीसन वायला निंघना," ती मला म्हणाली, "मन्ही माया थोडीच वायली निंघनी." आबा दुसरीकडे बघत. पाहूनही न पाहणं, एवढी मोकळीक त्यांनी तिला दिली होती.

मग एकदा यशवंता स्वतः आला, गोठ्याच्या दारानं. धाकटी मुलगी तापानं फणफणलीय, म्हणाला. मोठमायनं हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या. त्या निघेनात. तिनं मनगटाला तूप चोळलं, कातडी सोलली, पण काढल्या. या वेळी मात्र आबांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा हात सुजला म्हणून काढल्या, असं तिनं सांगितलं. मी तिथंच होते. तिला खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

पुढं पेरणीच्या आधी कोर्टाचा बेलीफ आला. यशवंतानं बापावर वाटणीचा दावा लावला होता.

तारखेला मोठमायही गेली. पोराला समजावीन, म्हणाली. माझे यजमान गाडी घेऊन गेले होते, त्यांनी परतल्यावर सगळं सांगितलं. कोर्टाच्या बाहेर आबांनी मुलाला एवढंच विचारलं, की तुझ्या घरात दाणा नाही म्हणतात, मग वकील कशावर केलास. यशवंतानं आईकडे बोट केलं. "मायन्या पाटल्या मोड्या." मुलगी आजारी नव्हतीच.

आबांनी तिच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. "तू बी?" म्हणाले. तिनं खुलासा केला नाही. गाडी वेशीवर सोडून सगळे घराकडे चालत आले, तेव्हा मोठमाय आबांच्या मागून येत होती.

विहिरीचं शेत यशवंताच्या वाट्याला गेलं. त्यानं ते लगेच विकलं. आबा तिच्या हातचं जेवत, पण तिच्याशी बोलायचं झालं तर माझ्यामार्फत बोलत. खरं काय ते मी त्यांना सांगायला निघाले, तर तिनं मला थांबवलं. एवढ्या वर्षांत ज्याला मी कळले नाही, त्याला तू काय सांगणार, म्हणाली.

विकलेल्या शेताचं आलेलं सगळं संपल्यावर यशवंता पुन्हा आला. पुन्हा गोठ्याच्याच दारानं. खरंच वाळला होता. मोठमाय धार काढत होती, उठली नाही.

"माय म्हनीसन मी तुले दिधं," ती म्हणाली. "तू मन्हा हातथून बापना गळा कापा. आते मांगनं व्हई ते पुढला दारथून जाय, त्याले मांग."

तो मागल्या मागं निघून गेला. आबा ओट्यावर होते, त्यांना सगळं ऐकू गेलं असावं. ती दूध घेऊन ओट्यापाशी आली तेव्हा कितीतरी दिवसांनी ते थेट तिच्याशी बोलले.

"थोडं तरी देनं व्हतं."

मोठमाय चरवी हातात धरून त्यांच्याकडे वळली. "आते सांगतस?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. यशवंता दहाव्याला आला, पुढच्या दारानं, आणि राहिला. आबांनी त्याला उरलेलं शेत कसायला दिलं, त्याची मुलं घरात जेवू लागली. संध्याकाळी बापलेक एकाच ओट्यावर बसत, पावसापाण्याचं बोलत. मी दोघांना चहा नेऊन देत असे. तिचं नाव त्या दोघांपैकी कुणी काढल्याचं मला आठवत नाही.