नोटिशीवरचा खोडलेला शब्द
शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला पिंपळनेरची आमची अंगणवाडी आठवते. मी तिथे मदतनीस होते. आमच्या संपामुळे दाराला कुलूप होतं आणि सेविकाताई आणि मी पायरीवर उन्हात बसलो होतो. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी आम्हा दोघींच्या नावाची, जांभळा शिक्का मारलेली नोटीस पुढे केली. "उद्या हजर व्हा, नाहीतर कायमच्या घरी बसा. केंद्र सरकारच्या नियमात तुम्ही कर्मचारी नाही, मानसेवी आहात, पगार नाही, मानधन घेता. तुम्हाला संपाचा हक्कच नाही." ताई एरवी साहेबांशी शुद्ध बोलायच्या, त्या दिवशी अहिराणीत कडाडल्या, "आम्ही कर्मचारी नही, मंग आमले हुकूम कसाना?" साहेबांनी नुसतं नोटीस मिळाल्याच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. ताईंनी नोटिशीतलं 'मानसेवी' खोडलं, वर 'कामगार' लिहिलं आणि सही केली. मग कागद माझ्याकडे आला. काम गेलं तर घरी काय सांगू, ही भीती होती, तरी त्यांच्याखाली मीही सही केली. पुढे संप मिटला, आम्हाला कोणी काढलं नाही. नियमातला शब्द मात्र अजून तोच आहे. आता सेविका मी आहे, आणि तो शब्द खोडल्याशिवाय मी एकाही कागदावर सही करत नाही.