चिकलठाण्याच्या माळावरचं हेलिकॉप्टर

मी सांगितलेलं कुणी खरं मानत नाय, ही माझी जुनी तक्रार. मेंढरांच्या तळावर किस्से लेंड्यांसारखे साचतात. पण बाई बोलायला लागली की सगळ्यांना कामं आठवतात.

दुष्काळात चारा हुडकत आम्ही चिकलठाण्याच्या पल्याड माळावर तळ टाकला होता. निम्म्या माळात प्लॉटिंगचे दगड रोवलेले. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, इथं लष्कराचं हेलिकॉप्टर उतरतंय. धाकटी जाऊ म्हणाली, हिला ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी तिच्या तव्यावरची भाकर त्याच्या वाऱ्यानं उडाली. मी विचारलं, “ऊन कुणाला लागलं गं?”

*

ते सरावाला यायचं, पण नीट टेकायचंबी नाय. गुडघाभर उंचीवर थांबायचं, पाठीवर ओझी घेतलेले जवान धडाधड उड्या टाकायचे, बंदुका बाहेरच्या अंगाला धरून पालथे पडायचे, की ते गेलंच! दुसरं एक वर घिरट्या घालत राखण करायचं. एकदा हवालदार पाणी प्यायला आला. मी म्हटलं, जरा बसू द्या की त्याला.

“मावशी, लढाईत ते बसलं की संपलं.”

*

सासूबाईंनी हवालदाराला विचारलं, मग जखमींचं काय? तो म्हणाला, हेच उचलून नेतं.

“आणि मेलेले?”

हवालदारानं तांब्या खाली ठेवला. “त्यांनाबी आणतो, आजी.”



*

उतरायची जागा वरून दिसावी म्हणून जवान केशरी कापड अंथरून कडेला दगड ठेवायचे. हात लावू नका, असं हवालदारानं बजावलं होतं. पण नव्या कोकरांना माळावर सावली नव्हती. एका दुपारी कुणीतरी ते कापड कोकरं कोंडायच्या जाळीवर ताणलं, आणि हेलिकॉप्टर सरळ त्याच्यावरच आलं. खाली जाळी दिसताच पायलटनं वर घेतलं. तोवर वाऱ्यानं जाळी कोसळली होती. एकमेकांखाली चेंगरून निम्मी कोकरं गेली.

*

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. जवानांशी बोलणारी मीच ना! सासरे बाजेवर न्यायाला बसले. म्हणाले, कापड हिनंच ताणलं, हिला माहेरी धाडा, पोरं इथंच राहतील. मी ओरडून सांगितलं, मी तेव्हा टँकरच्या रांगेत होते. कुणी ऐकलं नाय. नवरा जमिनीकडं बघत बसला.

तेव्हा सासूबाई उठल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मेलेलं एक कोकरू त्यांनी आणून बाजेपुढं ठेवलं.

“कापड ताणणाऱ्याला मी बघितलंय,” त्या म्हणाल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाजेकडं बघत सगळ्या तळासमोर नाव घेतलं.

“सखाराम.”