अंड्यावर बसवलेली कोंबडी
पडवीत मी नि बायको वाल सोलत बसलो होतो, तेच आमचं बरोबरीनं केलेलं शेवटचं काम. वालाचा वास आला की अजून तेच दिसतं. मोखाड्याच्या थंडीत माझा खोकला वाढायचा, म्हणून मुलगा आम्हाला महिनाभर वसईला त्याच्या घरी नेणार होता. तिथं समुद्रामुळं गारठा नसतो म्हणे. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबडी दिसली, खाली अंडी. मी म्हटलं, "परवा जायचं नि आज कोंबडी बसवलीस? पिलं कोण बघणार?" ती नुसती हसली. तिनं भरून ठेवलेली पिशवी मी उपसली, तर आत सगळे माझेच कपडे. "मला एकट्यालाच धाडतेस ना? पोराचं नि तुझं काय ठरलंय?" "अवो, पिलं निघाली की येते मागून. संशय घेतल्याबिगर घास उतरत नाय का तुम्हाला?" त्या रात्री झोपली ती उठलीच नाय. तिला आधीच काही कळलं होतं का, मला अजून शंका आहे. अग्नी देऊन आल्यावर दुसऱ्या सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आता चला माझ्याबरोबर." मी टोपलीपुढं नागलीचे दाणे टाकले, वाटीत पाणी ठेवलं नि पिशवीतले कपडे काढून परत दांडीवर टाकले.