बोईचा तुकडा आणि एक घोट

आमच्या किनाऱ्यावरच्या झाई गावात वर्षभर एक कुजबूज फिरत होती. हिरकणीवहिनी रविवारी दुपारी पडवीचं दार लावून घेतात, दारू पितात आणि रडतात. मासळीवाली नवशी हे सांगताना आवाज इतका खाली आणायची, की शेजारच्या घरांना कुंपणाला टेकून ऐकावं लागे.

वहिनी म्हणजे चिकूवाडीवाल्या अमृतभाऊंची बायको. गावात लग्न असो की बारसं, कालवणाची चव बघायला आधी त्यांना बोलवायचं अशी रीत. तळहातावर थेंब घेऊन चाटायच्या, मीठ कमी की कोकम जास्त ते सांगून मोकळ्या. आचारी त्यांच्या तोंडाकडे परीक्षेच्या निकालासारखा बघत उभा. मग तो ताप आला, सगळ्या जगाला आला तोच. गेला, पण जाताना जिभेवरचं सगळं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू. वर्षं उलटली, आली नाही. गुडघ्यांचं निमित्त करून वहिनींनी लग्नघरी जाणं सोडलं. घरी त्या अंदाजाने मीठ घालत, आणि देवाच्या प्रसादालाही नावं ठेवणारे आमचे अमृतभाऊ खारट आमटी मुकाट ओरपत.

एका रविवारी त्यांची सून ऋचा नाशिकहून पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन आली. शेजारी म्हणून मी तिथे होतो. बोई मासा तळल्याचा वास आला की माझं भाऊंकडे काहीतरी काम निघतंच.

रंग पेजेच्या निवळीसारखा. भाऊंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सूनबाई, ही आंबलीय. दुकानदाराने बनवलं तुला."

आम्ही ताडीवर वाढलेली माणसं. सकाळची गोड ती चांगली, ऊन चढल्यावरची आंबट ती टाकाऊ, एवढंच आमचं शास्त्र. ऋचा सांगत राहिली की ही ड्राय आहे, हिच्यात गोडवा ठेवतच नाहीत. तोवर भाऊंनी दोन चमचे साखर घालून ढवळलीसुद्धा. मीही घातली. शेजारधर्म पाळायला नको?

वहिनींनी घातली नाही. त्यांना साखर काय नि रेती काय, सारखंच. त्यांनी बोईचा तुकडा खाल्ला, वर घोट घेतला आणि थांबल्या. पुन्हा तुकडा, पुन्हा घोट.

"कैरी," त्या म्हणाल्या.

ताटात कैरी नव्हती.

"कैरी लागतेय. आणि मागून मीठ. माशाचं मीठ."

भाऊंच्या हातातला पेला तसाच राहिला. ते बायकोच्या तोंडाकडे असे बघत होते, जणू बुडालेली होडी वर येतेय. मी माझा साखरेचा पेला ओतून दिला, नवा भरला आणि वहिनींसारखाच तुकड्यावर प्यायलो. तेलकट बोईवरून तो गार घोट ओहोटीच्या पाण्यासारखा गेला, मागे सगळं लख्ख, किंचित खारट. पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागला. इतकी वर्षं बोई खातोय, पण ती इतकी गोडसर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे ऋचा बाटल्या आणत राहिली, आणि वहिनी माझ्यापाशी बोलत राहिल्या. वाफवलेली कालवं या वाइनशी बहिणीसारखी वागतात. मडक्यात भाजलेल्या उंबाडियूतल्या धुरकट पापडीशी तिचं जमतं. लाल तिखटाच्या कालवणाशी उभं भांडण. आणि चिकूच्या हलव्यावर घेतली तर नुसती आंबटढाण होते, असं ऋचाचं म्हणणं. वहिनींना ते ताडून पाहता आलं नाही.

आता ती कुजबूज. वहिनी रविवारी पडवीत पेलाभर वाइन घेऊन बसत आणि एकेक पदार्थ खाऊन कोणती चव परत आली ते बघत. आली की रडत. नाही आली तर ते भाऊंना दिसू नये, म्हणून दार लावत. गोड अजून आलेलं नाही.