दहापैकी दहा तान

माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशनला म्हणून मी दोनदा लातूरला गेले आणि दोनदा तशीच परत आले. एकदा मीच म्हणाले पोळा आलाय, एकदा म्हणाले म्हैस व्यायला झालीय. खरं कारण भीती. पण गावातल्या बायांना धीर देणारी मीच, मग सांगू कुणाला? दुखणं मात्र रोजचं झालं. तिसऱ्या वेळी सुनेनं शाळेतून रजा काढली. शिरूर अनंतपाळला गाडीत बसताना म्हणाली, "आत्याबाई, आता परतायचं न्हाई."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टरीण आली, बोलणं पुण्याकडचं. तिचा अभ्यास चालू होता. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर रक्तातलं, घाबरल्यावर वाढणारं कसलंसं हार्मोन मोजायचं होतं. सगळं कळल्यासारखी मी मान हलवली आणि सही ठोकली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पेपर रोज वाचते ना मी!

तिनं कागद काढला. "आजी, आत्ता ताण किती आहे? शून्य ते दहात सांगा."

आता आमच्याकडं तहानेला तान म्हणतात, आणि न-ण चा फरक आमच्या कानाला नाही. रात्रीपासून पाण्याचा थेंब दिला नव्हता.

"दहा लिवा बाई. जीव नुस्ता कासावीस होऊन राहिला."

कासावीस ऐकून तिला छातीतलं काही वाटलं, चेहराच उतरला. भूलवाल्या सरांना विचारते म्हणाली, आज कदाचित थांबावं लागेल. सून माझ्याकडं बघायला लागली, ही तिसरी म्हैस कुठून काढली म्हणून. मी घाईनं म्हटलं, एक गिलास पाणी पाजा, लगेच जाईल. तेव्हा सुनेच्या ध्यानात आलं. तिनं समजावलं आणि दोघी हसत सुटल्या.

दहा खोडून डॉक्टरणीनं साधं विचारलं, भीती वाटते का? सून समोरच उभी. मी म्हटलं, "छे. शून्य."

सुई टोचली, नळीत रक्त चढायला लागलं आणि मला घाम फुटला. तोंडानं मी शून्य सांगून बसले, पण हे रक्त काही माझं ऐकणार नव्हतं. पोरीचा अभ्यास बिघडणार तो वेगळाच.

"बाई, नऊ लिवा," मी म्हटलं. "पण ऑपरेशन आजच करा."

ती म्हणाली, घाबरलेल्यांचंच रोज करतो आजी, मला तुमच्या शून्याचीच काळजी वाटली होती.

सून पुढं आली. माझ्या हातातल्या बांगड्या हळूहळू उतरवायला लागली. मागच्या दोन्ही वेळी इथंच मी हात मागं घेतला होता. या वेळी तसाच राहू दिला.