मुहूर्ताची फ्लॉपी अडवणाऱ्या विजयाताई

विजया देवरे गेल्याचा फोन जळगावच्या कचेरीत सकाळी आला. धुळ्याहून त्यांचा धाकटा भाऊ दिलीप बोलत होता. "ताई पहाटे गेली," तो म्हणाला. "नानांना सांगा. कॉम्प्युटरवाल्या सगळ्यांना सांगा." मूत्रपिंडाचा आजार होता, नाशिकच्या खेपा बरेच महिने चालू होत्या, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. अनपेक्षित होतं ते पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या शोकसभेत ऐकायला मिळालं. एकामागून एक वक्ते उठले आणि सांगू लागले की विजयाताई शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. यातलं काहीही खरं नाही. त्या भांडत, टोचून बोलत आणि एकदा 'नाही' म्हटलं की मालकांनाही 'नाही'च म्हणत. वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईबद्दल चुकीचा मजकूर रूढ होऊ नये, म्हणून हे लिहिणं.

त्या मूळच्या शिंदखेड्याच्या. धुळ्याला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि आमच्या दैनिकात छपाईचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आले त्या सुमारास जळगावला रुजू झाल्या. काही वर्षांतच कॉम्प्युटर विभाग त्यांच्याकडे आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कचेरीत सर्व्हर बसला. पूर्वी जिथे फोटो धुतले जात त्या अंधाऱ्या खोलीत तो ठेवला. बातम्या, जाहिराती, जळगावची पानं, धुळ्याची पानं, सगळं त्या एका मशीनच्या डिस्कवर राही आणि प्रत्येक जण आपापल्या टेबलावरून तिथलीच फाइल उघडून काम करी. आम्हाला ही मोठी सोय वाटली. विजयाताईंना ती धास्ती वाटली. "पूर्वी प्रत्येकाची विहीर वेगळी होती," त्या म्हणत. "आता गावाला एकच टाकी. त्यात कुणी काय टाकलं, हे बघायला नको?"

आमच्याकडे टाकणाऱ्यांची कमतरता नव्हती. चोपडा, चाळीसगाव इथले बातमीदार तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून बातमी टाइप करत आणि फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरकडे देत. क्लासमधल्या मशीनवर दिवसभर पोरं गेम खेळत. अशाच एका फ्लॉपीवर बातमीबरोबर एक गेम आला, तो आमच्याच कुणीतरी सर्व्हरवर ठेवला, आणि आठवड्याभरात पानं लावायचा प्रोग्रॅम बिघडला. फायली विनाकारण फुगत होत्या, मशीन अडखळत होती. सगळ्यांनी उन्हाला आणि विजेला दोष दिला. शेवटी धुळ्याचं लावून झालेलं पान उघडेना, ते पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागलं, आणि शेवटची बस चुकली म्हणून जीप काढून पान धुळ्याला पोचवावं लागलं. व्हायरस हा शब्द त्या दिवशी कचेरीत पहिल्यांदा सर्वांच्या तोंडी आला.

विजयाताईंनी मालकांकडे, म्हणजे भाऊंकडे, एकच मागणी केली. नुसती टेबलावरची मशीन तपासून भागणार नाही, तपासणी सर्व्हरवरच बसली पाहिजे. भाऊंनी पुण्याहून अँटिव्हायरस मागवला. विजयाताईंनी तो असा बसवला की सर्व्हरवर कुठलीही फाइल ठेवताना आणि उघडताना आधी तपासली जाई. दोष सापडला तर फाइल दाराबाहेरच थांबे. शिवाय दुपारी बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं गेली की संपूर्ण डिस्कची झडती होई. व्हायरसचे नवे प्रकार ओळखता यावेत म्हणून पुण्याहून दर महिन्याला कुरिअरनं फ्लॉपी येई, ती त्या स्वतः चढवत.

याची किंमत वेगात मोजावी लागली. पान उघडायला वेळ लागू लागला. पानं लावणाऱ्या विभागाचे प्रमुख नाना हे या सगळ्याचे पहिले शत्रू.

"विजयाताई, पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

"मग कमी प्या, नाना. डॉक्टरांनी तसंही बंदच सांगितलाय."

"मस्करी सोडा. धुळ्याची बस माझ्यासाठी थांबते का?"

"थांबत नाही. पण पान गेलं तर बस पकडून नेणार काय? रिकामी पिशवी?"

त्या नुसत्या अडून बसल्या नाहीत, हेही नोंदवायला हवं. प्रिंटरकडे निघालेल्या फायली पुन्हा तपासण्यात अर्थ नाही, हे लक्षात आल्यावर डिस्कवरची ती जागा त्यांनी तपासणीतून वगळली. सर्व्हरची मेमरी वाढवून घेतली. दुपारच्या झडतीची वेळ नानांना विचारून मागेपुढे केली. मात्र बाहेरून येणाऱ्या फाइलच्या बाबतीत सवलत नव्हती. कुणी "मी स्वतः तपासलीय" म्हणालं की त्या अहिराणीवर येत. "बठ्ठं माले माहीत शे," म्हणजे सगळं मला माहीत आहे, असं म्हणून हात पुढे करत आणि फ्लॉपी काढून घेत.

हे सारं भाऊंना लांबून मान्य होतं. प्रश्न त्यांच्या स्वतःच्या फ्लॉपीचा आला, तेव्हा ते बदललं.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. छपाईच्या मशीनला हार, कॉम्प्युटरला हळदीकुंकू, पंख्यालाही फूल. सर्व्हर आल्यापासून एक नवी प्रथा पडली होती. पूजेनंतर भाऊ आपल्या हातानं एक फाइल सर्व्हरवर ठेवत. तीत फक्त 'श्री' लिहिलेलं असे. ही मुहूर्ताची फाइल. ती भाऊंच्या घरच्या कॉम्प्युटरवर तयार होई, फ्लॉपी सकाळभर देवघरात राही आणि मग वाजतगाजत कचेरीत येई. अडचण एवढीच, की त्याच घरच्या कॉम्प्युटरवर लग्नसराईत आलेगेले पाहुणे आपापल्या फ्लॉप्या आणून कुंडल्या काढत.

त्या वर्षी सर्व्हरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी होते, शहरातले कापडाचे, सोन्याचे व्यापारी होते, धुळे कचेरीची माणसं होती. भाऊंनी फ्लॉपी घातली, कळ दाबली. पडद्यावर ओळ उमटली: फाइलमध्ये व्हायरस आहे, फाइल ठेवली नाही. भाऊंनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा तीच ओळ.

"काय झालं?" एका शेठजींनी विचारलं.

"काही नाही, मशीन जरा... विजया, हे एक मिनिट बंद कर."

"व्हायरसलाही एक मिनिटच लागतं, भाऊ."

"अगं, देवापुढची फ्लॉपी आहे."

"फ्लॉपी देवापुढची आहे. फाइल पाहुण्यांच्या मशीनवरची आहे. तुम्ही इथंच बसा आणि इथंच 'श्री' लिहा. मी खुर्ची देते."

गुरुजी मध्ये पडले. "ताई, मुहूर्त टळतोय."

"गुरुजी, तुम्ही सोवळ्यात आहात ना? तुम्हाला मी आत्ता शिवले तर चालेल? या मशीनचंही तसंच आहे."

शेठजी मोठ्यानं हसले. ते हसायला नको होते. भाऊंचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. वर्षाच्या मोठ्या दिवशी, जाहिरातदारांच्या समोर, स्वतःच्या कचेरीत त्यांची 'श्री' परत पाठवली गेली होती. "पासवर्ड सांग," ते म्हणाले. "मी बंद करतो."

"नाही सांगणार."

दसऱ्याचा विशेष अंक त्याच डिस्कवर तयार होता, सगळ्या जाहिरातींसह. भाऊ म्हणाले, "ही कचेरी कुणाची आहे?" विजयाताईंचा आवाज चढला नाही, पण भाषा शिंदखेड्याची झाली. "तुमनीच शे, भाऊ. म्हनीसन सांगस. माले काढी टाका, पन हाई बंद व्हनार नही."

भाऊ प्रसाद न घेता निघून गेले. विशेष अंक दुसऱ्या दिवशी वेळेवर निघाला. दिवाळीनंतर विजयाताईंची बदली धुळ्याला झाली, जाहिराती घ्यायच्या टेबलावर. इतक्या वर्षांच्या कामाचं त्यांना हे मिळालं. त्यांनी रजा मागितली नाही, कुणाकडे रदबदली केली नाही. फक्त सर्व्हर नानांच्या ताब्यात द्यायचा हुकूम होता, तेव्हा जाण्याआधी त्या रोज दुपारी नानांना शेजारी बसवून शिकवत राहिल्या. नाना कुरकुरत शिकत राहिले.

त्या धुळ्याला गेल्यावर भाऊंनी नानांना बोलावलं आणि ती तपासणी बंद करायला सांगितली. सगळ्यांना वाटलं, नाना याच दिवसाची वाट बघत होते. नाना म्हणाले, "भाऊ, चालू कसं ठेवायचं एवढंच तिनं शिकवलंय. बंद कसं करायचं ते राहूनच गेलं." हे धादांत खोटं होतं, आणि भाऊंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतर आमचं एकही पान व्हायरसनं गेलं नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, त्यामुळे विजयाताईंचं नाव त्यासाठी कधी छापून आलं नाही.

धुळ्याला त्यांनी जाहिराती घेतल्या आणि तिथल्या बातमीदारांशी भांडणंही केली. आजारपणात भेटायला गेलेल्यांना त्या प्रकृतीबद्दल फार बोलू देत नसत. "माझं राहू द्या. पुण्याची या महिन्याची फ्लॉपी चढवली का?" हा प्रश्न मात्र ठरलेला...

त्या गेल्या त्या दिवशी दुपारी दिलीप स्वतः जळगावला आला. बातमीबरोबर छापायला फोटो घेऊन आला होता. धुळ्याच्या स्टुडिओनं फोटो एका कागदपत्राच्या फाइलमध्ये बसवून, खाली नाव टाइप करून फ्लॉपीवर दिला होता. नानांनी फ्लॉपी घातली. सर्व्हरनं फाइल घेतली नाही. स्टुडिओच्या मशीनचा व्हायरस तिच्यात आला होता. साफ करून घ्यायला वेळ लागणार होता आणि धुळ्याचं पान बसनं जायचं होतं. भाऊ पानांच्या खोलीत उभे होते. "आजच्या दिवस बंद करा रे," ते म्हणाले. "तिचा फोटो आहे. मी सांगतोय."

कुणीही कीबोर्डला हात लावला नाही. नाना पडद्याकडे बघत राहिले. पानं लावणारी मुलं आपापल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली. त्यातल्या निम्म्यांनी विजयाताईंना पाहिलंही नव्हतं.

भाऊंनी दिलीपकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या, भाऊ. तिनं घेतला नसता."

भाऊ तिथंच खुर्चीवर बसले. बातमी फोटोशिवाय लागली, पान वेळेवर बसमध्ये चढलं. दुपारची झडती त्या दिवशी उशिरा सुरू झाली. सर्व्हरच्या खोलीत पडद्यावर फायलींची नावं एकेक करून वर सरकत होती. झडती संपेपर्यंत भाऊ उठले नाहीत.